सत्तरीतील बोटे आणि एफची कॉर्ड



लोणावळ्याचा पावसाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना आषाढ-श्रावणातील दवाखान्याचे चित्र वेगळे सांगावयास नको. दाराशी ओल्या छत्र्यांची रांग, बाकावर खोकल्याची साथ आणि दर दुसऱ्या ज्येष्ठाच्या तोंडी सांध्यांची तक्रार. अशाच एका सायंकाळी, दोन वर्षांपूर्वी, एकाहत्तर वर्षांचे एक गृहस्थ माझ्यासमोर येऊन बसले. बोरघाट चढवणाऱ्या रेल्वे इंजिनांवर त्यांचे उभे आयुष्य गेले. आम्ही सारे त्यांना काका म्हणतो. येथेही तसेच म्हणू. त्यांनी डावा हात टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टर, अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. आणि काही केल्या एफ लागत नाही."

एफ म्हणजे काय, हे मला कळले नाही. विचारल्यावर उलगडा झाला. तरुणपणी रेल्वेच्या वसाहतीत गोव्याकडच्या एका सहकाऱ्याकडून काका गिटारवर चार-पाच कॉर्ड शिकले होते. पुढे नोकरी, संसार, रात्रपाळ्या. गिटार सुटली ती सुटलीच. आदल्या दिवाळीत काकू गेल्या. घर रिकामे झाले. माळ्यावर नातवाची पडून असलेली गिटार एके दिवशी त्यांनी खाली काढली. सी, जी, डी, ए मायनर, ई असे जुने आकार पंधरा दिवसांत बोटांना आठवले. नंतर मात्र गाडी एफपाशी अडली. रोज दोन-दोन तास ते त्याच एका कॉर्डशी झुंजत होते.

बाहेर पंधरा रुग्ण ताटकळत होते. घाईतला डॉक्टर जे करतो तेच मी केले. अंगठा दाबून पाहिला, लावावयाचे मलम लिहून दिले आणि म्हणालो, "काका, या वयात कशाला हा हट्ट? गिटार बंद ठेवा, हात आपोआप बरा होईल." ते "बरं" म्हणाले आणि निघून गेले.

तीन आठवड्यांनी त्यांची सून आली. "बाबांनी गिटार परत माळ्यावर टाकली," ती म्हणाली. "जेवण निम्म्यावर आलं आहे. दुपारभर झोपून असतात. हाक मारली तरच बोलतात. डॉक्टर, तुम्ही त्यांना नेमकं काय सांगितलंत?"

त्या प्रश्नाने मी वरमलो. मी दुखणाऱ्या अंगठ्याकडे पाहिले होते, अंगठा ज्याचा होता त्याच्याकडे पाहिले नव्हते. दुसऱ्या दिवशी, दवाखाना सुटल्यावर, मी काकांना गिटारसह बोलावले. त्या तासाभरात मी जे पाहिले आणि शिकलो तेच आज आपणांपुढे ठेवतो. आपल्यापैकी कोणी गिटार शिकत असेल, तर कोणी हार्मोनियम, सतार वा बासरी. ज्यांच्या घरी उतारवयात कोणी असे काही हाती घेतले आहे त्या सर्वांसाठी हा लेख आहे.

कॉर्ड म्हणजे काय?

ज्यांनी हार्मोनियमला हात लावला आहे त्यांना हे चटकन उमजेल. सा, ग आणि प हे तीन स्वर एकाच वेळी दाबा. जो भरीव नाद उमटतो ती मेजर कॉर्ड. शुद्ध गंधाराच्या जागी कोमल गंधार घ्या. किंचित उदास झालेला तोच नाद म्हणजे मायनर. त्यांत शुद्ध निषाद मिसळला की मेजर सेव्हन्थ, कोमल निषाद मिसळला की साधी सेव्हन्थ. पुढची सारी विद्या या पायावर उभी आहे.

आपल्या रागसंगीतात कॉर्ड नाही, तरी आपल्या कानांना ती परकी नाही. गोव्यात मांडो गाताना व्हायोलिन आणि घुमटासोबत गिटार वाजते. मजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्यासारख्या गोमंतकीय वादक-संयोजकांनी मुंबईच्या चित्रपट वाद्यवृंदांत ही स्वरसंगती रुजवली. १९७१ सालच्या 'हरे रामा हरे कृष्णा'तील 'दम मारो दम' या गीतात भूपिंदर सिंग यांनी वाजवलेली गिटार आज सत्तरीत असलेल्या पिढीच्या कानांत पक्की बसली आहे. आपला कान ही भाषा पन्नास वर्षे ऐकत आला आहे. शिकावयाचे आहे ते हाताला.

गिटारला सहा तारा. दांडीवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात. सतारीच्या पडद्यांसारख्याच, म्हणून त्यांना पडदेच म्हणू. एका पडद्यावरून पुढच्या पडद्यावर गेले की सूर अर्ध्या स्वराने चढतो आणि बाराव्या पडद्यावर सप्तक पूर्ण होते. नवशिक्यास प्रथम ज्या कॉर्ड शिकवतात त्यांत काही तारा मोकळ्या वाजतात. म्हणून त्या ओपन कॉर्ड. यांत दोन-तीन बोटांवर काम भागते.

पुढची पायरी म्हणजे बार कॉर्ड. यात तर्जनी आडवी झोपवून सहाही तारा एकाच पडद्यावर दाबावयाच्या आणि उरलेल्या तीन बोटांनी ई किंवा ए यांचा आकार धरावयाचा. लाभ मोठा आहे. एकच आकार दांडीवर सरकवला की पट्टी बदलते. ईचा आकार पहिल्या पडद्यावर एफ होतो, तिसऱ्यावर जी, पाचव्यावर ए, सातव्यावर बी. पण पहिल्या पडद्यावरची एफ ही साऱ्यांत अवघड. तेथे तारा सर्वांत ताठ असतात आणि पडद्यांतील अंतरही सर्वाधिक असते. सुमारे पासष्ट सेंटीमीटर लांबीच्या तारेवर पहिल्या पडद्याचे घर ३६ मिलिमीटर भरते, पाचव्याचे अवघे २९. विशीतली मुलेही येथे महिना-महिना अडतात. काका अडले यात त्यांच्या वयाचा दोष थोडा आणि जागेचा अधिक होता.

हात काय सांगत होता?

काका वाजवू लागले आणि मी हाताकडे पाहत बसलो. डावा अंगठा दांडीमागे असा आवळलेला की नख पांढरे पडले होते. मनगट पूर्ण दुमडलेले. खांदा कानाशी भिडलेला. आणि श्वास रोखलेला. चिमटीत आपण जेवढा जोर लावतो त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या सांध्यावर पडतो. साठीनंतर हा सांधा अनेकांचा झिजलेला असतो. बरणीचे झाकण फिरवताना, किल्ली वळवताना, पिळा घालताना तेथेच कळ येते. असा सांधा रोज दोन तास चिमट्यात धरल्यावर तो ठणकणारच.

मग पहिल्याच भेटीत विचारावयास हवे होते ते मी विचारले: "रात्री हाताला मुंग्या येतात का?" काका म्हणाले, "येतात. दोन-तीन वाजता जाग येते, हात झटकला की बरं वाटतं. मला वाटलं, झोपेत हात अंगाखाली येत असेल."

अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेची आतली बाजू यांत रात्री मुंग्या येणे हे मनगटातील मज्जातंतू दाबला जात असल्याचे लक्षण असते. वैद्यकात यास कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात. मनगट दुमडून दीर्घकाळ काम केल्याने तो वाढतो. पण मधुमेह आणि मंदावलेली थायरॉइड ग्रंथी ही देखील त्यामागची नेहमीची कारणे आहेत. मी रक्त तपासावयास दिले आणि मज्जातंतूंच्या तपासणीसाठी काकांना पुण्यास पाठवले. तंतू दाबला जात होता आणि थायरॉइड बरीच मंदावली होती.

वाचकहो, येथे मला प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. थायरॉइड मंदावली की उत्साह मावळतो, झोप वाढते, बोलणे कमी होते. काकांच्या त्या तीन आठवड्यांच्या उदासीत पत्नीवियोगाचा वाटा किती, थायरॉइडचा किती आणि माझ्या एका वाक्याचा किती, हे मला आजही वेगळे काढता येत नाही. गिटार बंद करावयास सांगून मी त्यांचा एक विरंगुळा हिरावला आणि दुखण्याचे कारण गिटारच आहे असे गृहीत धरून खरा आजारही नजरेआड केला. दोन्ही चुका एकाच वाक्यात झाल्या.

वाद्य हे हाताचे रोजचे परीक्षण आहे. म्हणून वाजवणाऱ्याने पुढील खुणा ध्यानी ठेवाव्यात.

नमस्कार करून पाहा. तळवे आणि बोटे एकमेकांस सपाट टेकली पाहिजेत. बोटांमध्ये फट राहत असेल तर, विशेषतः जुना मधुमेह असणाऱ्यांत, सांध्यांभोवतालच्या ऊती ताठरल्या असण्याचा संभव आहे.

बोट मिटल्यावर अडकत असेल आणि उघडताना खट्कन सुटत असेल, तर तो स्नायूच्या दोरीचा दोष आहे. सराव थांबवून दाखवा. मधुमेहींत हाही अधिक आढळतो.

एखादा हात हळूहळू मंद, ताठर होत असेल किंवा मांडीवर विसावलेला असताना थरथरत असेल, तर "वय झाले" म्हणून सोडून देऊ नका.

काल लागत असलेली कॉर्ड आज अचानक धरता येईनाशी झाली, एका हातातील शक्ती गेली, तोंड वाकडे झाले किंवा शब्द अडखळू लागले, तर तो पक्षाघात असू शकतो. रक्ताची गाठ विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. अशा वेळी मलम लावून सकाळची वाट पाहू नका. त्याच क्षणी मोठ्या रुग्णालयाची वाट धरा.

जोर कमी, समज अधिक

आता मूळ प्रश्न. दुखऱ्या हाताने ओपन कॉर्डच्या पुढे कसे जावे? काकांनी आणि मी मिळून हे शोधले. त्यात शिकवणारे बहुतांशी तेच होते. पुढची कॉर्ड म्हणजे अधिक जोर, ही समजूतच मुळात चुकीची निघाली. पुढच्या कित्येक कॉर्ड आधीच्यांहून सोप्या आहेत.

सी धरा आणि तर्जनी उचला. उरलेली दोन बोटे म्हणजे सी मेजर सेव्हन्थ. ए मायनर धरा आणि तिसऱ्या तारेवरचे बोट उचला. ती झाली ए मायनर सेव्हन्थ. येथे एक-एक बोट कमी झाले आणि नाद अधिक गहिरा झाला. ज्यांची बोटे सुजलेली वा ताठर आहेत त्यांनी पुढचा प्रवास या दिशेने सुरू करावा.

एफसाठी तीन पायऱ्या आहेत. पहिली, एफ मेजर सेव्हन्थ: चौथ्या तारेवर तिसरा पडदा, तिसरीवर दुसरा, दुसरीवर पहिला आणि पहिली तार मोकळी. जिन्याच्या पायऱ्यांसारखा तिरपा आकार. जाड दोन तारा वाजवावयाच्या नाहीत. बऱ्याच गाण्यांत एफच्या जागी ही चालून जाते. दुसरी पायरी, छोटी एफ: तोच आकार ठेवून तर्जनी किंचित आडवी करून पहिल्या दोन तारा मिळून दाबावयाच्या. तिसरी पायरी, सहा तारांची पूर्ण एफ. तिसरीपर्यंत जावेच असे नाही. चार तारांची एफ हीदेखील एफच आहे. त्यात सा, ग, प तिन्ही आहेत.

पूर्ण बार शिकावयाचाच असेल तर पहिल्या पडद्यावर आरंभ करू नये. पाचव्या पडद्यावर ईच्या आकारात ए धरून पाहावी. तेथे तार मऊ लागते. तर्जनी पडद्याच्या अगदी लगत आणि किंचित कडेवर, अंगठ्याच्या बाजूला, कललेली असावी. अंगठा दांडीमागे नुसता टेकलेला असावा; जोर कोपर आणि दंडाच्या भाराने मागे खेचून यावा. हे मला काकांनी आपल्या भाषेत समजावले: "घाटात एका इंजिनानं गाडी चढत नाही, डॉक्टर. कर्जतला मागे बँकर लावतात, तेव्हा ती लोणावळ्याला येते. अंगठा म्हणजे पुढचं इंजिन. मागून दंडाचा बँकर लागला पाहिजे." सदतीस फुटांना एक फूट चढणारा तो घाट ज्यांनी आयुष्यभर चढवला, त्यांच्याकडून याहून अचूक शरीरशास्त्र मी काय शिकणार?

भजन-गीतांना साथ करणाऱ्यांसाठी एक हमखास युक्ती कॅपोची. दांडीवर लावावयाचा हा छोटा चिमटा आपल्या तर्जनीचे काम करतो. समजा, गाणारा काळी एकमध्ये गातो आहे. त्या पट्टीच्या मुख्य तिन्ही कॉर्ड एरवी बार धरूनच वाजवाव्या लागतात. चौथ्या पडद्यावर कॅपो लावा आणि ए, डी, ई हे साधे ओपन आकार धरा. काळी एकची साथ तयार. पडदे तेथे जवळ आलेले असल्याने बोटे फार फाकावीही लागत नाहीत. कॅपो वापरणे म्हणजे लबाडी, असे कोणी म्हणाले तर मनावर घेऊ नका. चष्मा लावून वाचणे ही जशी लबाडी नव्हे, तसेच हे.

आधी वाद्य तपासा

काकांची गिटार मी हाती घेतली तेव्हा तार दाबताना माझेच बोट दुखले. नातवाची ती गिटार वर्षानुवर्षे माळ्यावर पडलेली. आमच्याकडच्या दमट हवेने लाकूड फुगले होते, तारा गंजल्या होत्या आणि दांडीपासून बऱ्याच उंच उठल्या होत्या. वाद्यदुरुस्ती करणाऱ्याकडून घोडी घासून तारांची उंची कमी करून घेतली आणि पातळ तारा चढवल्या. निम्मे दुखणे तेथेच गेले.

पोलादी तारांच्या गिटारवर साध्या हलक्या संचाचा एकूण ताण सुमारे सत्तर किलो असतो. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर चाळीसच्या आसपास. त्वचा नाजूक असल्यास नायलॉन बरे. परंतु तिची दांडी रुंद असते, म्हणून लहान हाताच्या व्यक्तीने आधी दुकानात धरून पाहावी. नायलॉनच्या गिटारला पोलादी तारा मात्र कधीही लावू नयेत. ताणाने वाद्य वाकते. पावसाळ्यात गिटार ओल्या भिंतीला टेकवून ठेवू नये. पेटीत ठेवावी आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

हात नसलेल्या सरळ खुर्चीवर बसावे, डाव्या पायाखाली लहान पाट घ्यावा. बसूनही गळ्यात पट्टा असावा, म्हणजे वाद्य तोलण्याचे काम हाताला उरत नाही. मान वाकवून बोटांकडे सतत पाहू नये. मानेच्या मणक्यांचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच.

सरावापूर्वी पाच मिनिटे कोमट पाण्यात हात बुडवावेत. दहा मिनिटे वाजवावे, मग हात सोडून बसावे. दिवसातून असे दोन-तीन वेळा पुरे. बोटांच्या टोकांची त्वचा हुळहुळणे स्वाभाविक आहे, ती काही आठवड्यांत घट्ट होते. मात्र सांध्यातील दुखणे सराव संपल्यानंतर दोन तासांहून अधिक टिकले, किंवा सकाळी हात अधिक आखडलेला वाटला, तर दुसऱ्या दिवशीचा सराव निम्मा करावा. वेदनाशामक गोळी घेऊन वाजवावयास बसू नये. उतारवयात त्या गोळ्या मूत्रपिंड, जठर आणि रक्तदाब या तिघांना जाचतात. मधुमेहामुळे बोटे बधिर झालेल्यांनी रोज बोटांची टोके पाहावीत. चीर पडलेली कळत नाही आणि चिघळते. रक्त पातळ करणारी औषधे घेणाऱ्यांनीही दाबाने काळे-निळे डाग पडत नाहीत ना, हे पाहावे.

आणि श्वास. अवघड कॉर्ड धरताना बहुतेक जण तो रोखतात. त्याने रक्तदाब चढतो, खांदे आवळतात. ज्या लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली योगाच्या शास्त्रीय अभ्यासासाठी कैवल्यधाम उभारले, त्या गावच्या माणसाला हे मी सांगावे म्हणजे नवलच. श्वास सोडत बोटे ठेवा. एवढे सूत्र पुरे.

मेंदूला काय मिळते?

न्यूयॉर्कमधील ब्राँक्स भागातील पंचाहत्तरीपुढच्या ४६९ व्यक्तींवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. वाचन, पटावरचे खेळ, नृत्य आणि वाद्यवादन यांत रमणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण कमी आढळले. यावरून वाद्य वाजवल्याने स्मृतिभ्रंश टळतोच असे सिद्ध होत नाही. ज्यांचा मेंदू आधीच तल्लख तेच वाद्याकडे वळत असतील, हेही शक्य आहे. पण नवी कॉर्ड शिकताना डोळा, कान, दोन्ही हात आणि स्मरण एकाच वेळी कामास लागतात, एवढे निश्चित. आणि या औषधाचे दुष्परिणाम, वर सांगितलेली काळजी घेतल्यास, नगण्य आहेत.

शारीरिक उणिवेवर मात केल्याचे उदाहरण हवे असेल तर जँगो राइनहार्टचे पाहा. १९२८ साली, अठराव्या वर्षी, राहत्या गाडीला लागलेल्या आगीत त्याच्या डाव्या हाताची अनामिका आणि करंगळी कायमची अधू झाली. उरलेल्या दोन बोटांवर त्याने वादनाची स्वतंत्र रीत बसवली आणि युरोपातील जॅझचा तो श्रेष्ठ गिटारवादक ठरला. त्याची प्रतिभा आपल्यापाशी नसेल; पण आपल्या हाताला जमेल तसा आकार शोधण्याची मुभा आपणांसही आहे.

घरच्यांसाठी चार शब्द

"या वयात कशाला?" हे वाक्य घरातून हद्दपार करा. मी ते डॉक्टरच्या खुर्चीतून उच्चारले, म्हणून ते अधिक लागले. एकच कॉर्ड शंभरदा ऐकून आपण वैतागाल, हे मान्य. त्यासाठी सरावाची वेळ ठरवून घ्या, थट्टा करू नका. नातवाशी तुलना नको. तारा सुरात लावून देणे, कॉर्डचे आकार मोठ्या अक्षरांत कागदावर काढून देणे, या कामांना नातवंडे फार उपयोगी पडतात. श्रवणयंत्र असेल तर ते बसवून देणाऱ्यास वाद्याविषयी सांगा. अनेक यंत्रे बोलणे स्पष्ट करण्याच्या नादात वाद्याचा सूर गोंगाट समजून दाबतात. संगीतासाठी त्यांची वेगळी जुळणी करता येते.

पक्षाघाताने बोटे दुबळी झाली असतील किंवा विस्मरण वाढले असेल, तर नव्या कॉर्डचा आग्रह धरू नका. गिटारच्या तारा निराळ्या लावता येतात: सहावी आणि पहिली डीपर्यंत, पाचवी जीपर्यंत उतरवली की मोकळ्या तारा छेडताच जीची कॉर्ड वाजते. पाचव्या पडद्यावर एक बोट आडवे ठेवले की सी, सातव्यावर डी. तीन कॉर्डमध्ये कितीतरी गाणी बसतात. बोटही टेकत नसेल तर गुळगुळीत धातूची नळी तारांवर अलगद टेकवून सरकवावी. रेडिओवर हवाईयन गिटार ऐकत वाढलेल्या पिढीला तो नाद ओळखीचा वाटेल. १९६७च्या 'कॉल ऑफ द व्हॅली'मध्ये पं. शिवकुमार शर्मा आणि पं. हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबत पं. ब्रिजभूषण काब्रा यांनी अशीच गिटार, तार बोटाने न दाबता, वाजवली आहे.

काकांचे पुढे काय झाले? थायरॉइडची गोळी सुरू झाली, रात्री मनगटास आधारपट्टी आली, सराव दोन तासांवरून अर्ध्या तासावर, तोही तीन हप्त्यांत, आला. चार-पाच महिन्यांत मुंग्या थांबल्या. अंगठ्याचा सांधा झिजलेलाच आहे. थंडीत तो कुरकुरतो. सहा तारांची एफ त्यांना आजही लागत नाही, आणि आता ते तिच्या मागेही नाहीत. मागच्या महिन्यात गोळ्या लिहून घेण्यास आले तेव्हा मी मुद्दाम विचारले, "काका, एफचं काय?"

"चार तारांची लागते," ते म्हणाले. "हिला आवडायचं ते गाणं तेवढ्यावर निघतं."

त्यांच्या कागदावर औषधांखाली मी एक ओळ वाढवली: गिटार, दहा मिनिटे, दिवसातून तीन वेळा. दोन वर्षे उशीर झाला, पण लिहिले.

आपल्या घरी कोणी नव्याने काही शिकू पाहत असेल, तर पुढच्या तपासणीस जाताना ते डॉक्टरांस आवर्जून सांगा. आणि डॉक्टर घाईत असतील तर त्यांना क्षणभर थांबवून हात दाखवा.